रंग झाकतो, उंची राहते

नवरीचा मेकअप ठरवायला आलेल्या मुलीच्या तोंडून, आणि बहुतेक वेळा तिच्याआधी तिच्या आईच्या तोंडून, पहिली मागणी येते ती एकच : "ताई, पिंपल्स अजिबात दिसायला नकोत." आमच्या धंद्यात या मागणीला ठरलेले उत्तर आहे, "काळजी करू नका, काही दिसणार नाही." माझे म्हणणे असे की हे उत्तर खरे नाही, आणि ते खरे करून दाखवायच्या खटपटीतच तेलकट, मुरुमाच्या चेहऱ्याचा मेकअप बिघडतो. मुरुमाला रंग असतो तशी उंचीही असते. रंग झाकता येतो. लाल, तांबूस, तपकिरी, काळपट, कुठलाही झाकता येतो. उंची झाकता येत नाही. फुगवटा आहे तिथे वरून कितीही थर दिले तरी फुगवटा राहतोच, उलट थरांची जाडी त्यात जमा होते. म्हणून असा चेहरा समोर आला की हात आखडता घ्यावा लागतो. कमी थरांचा मेकअप दिसतो बरा, टिकतो जास्त आणि दुसऱ्या दिवशी त्वचेला कमी बाधतो; जाड मेकअप या तिन्ही हिशेबांनी तोट्यात जातो. वर्षानुवर्षे चेहऱ्यांवर काम करून हे पटले आहे. पण हाताच्या सवयीवर विसंबून न राहता त्यामागची कारणे मांडायला हवीत, कारण उलट बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे सगळेच म्हणणे चुकीचे नाही.

उंची का झाकत नाही, हे उजेडाकडे पाहिले की कळते. भरदुपारी सपाट वाटणाऱ्या माळावर उतरत्या उन्हात एकेक ढेकूळ लांब सावली टाकते. चेहऱ्याचेही तसेच आहे. समोरून, मोठ्या पसरट दिव्याचा उजेड पडला की बारीक फुगवटे हरवतात. तोच उजेड खिडकीतून बाजूने आला की गालावरचा प्रत्येक उंचवटा एका अंगाने उजळतो आणि दुसऱ्या अंगाने काळवंडतो. कन्सीलरने मुरुमाचा लाल रंग आजूबाजूच्या त्वचेत मिळवून टाकला तरी ही सावली तशीच राहते. आरशाभोवती बल्ब लावलेल्या खोलीत निर्दोष वाटलेला चेहरा मंगल कार्यालयाच्या दारात आल्यावर खडबडीत दिसतो, तो याच कारणाने. तेव्हा ट्रायल खिडकीजवळ बसवून करावी आणि नवरीला स्वतःचा चेहरा दोन्ही उजेडांत दाखवावा. तिला जे दिसणारच आहे ते आधी दिसलेले बरे. चमकीचाही याच्याशी संबंध आहे. हायलायटर किंवा शिमर उजेड परतवतात, त्यामुळे फुगवट्यावर ते पडले की आपणच त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखे होते. गालावर मुरुमे असतील तर चमक पापणीवर, नाकाच्या शेंड्याला, ओठांच्या वरच्या कडेला, जिथे त्वचा साफ आहे तिथे न्यावी. तेल शोषण्यासाठी वापरतात त्या सिलिकाच्या पांढऱ्या पावडरीचा अतिरेक तर फोटोत फारच महागात पडतो : समोरासमोर काही दिसत नाही, पण कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली आणि कपाळावर पांढरे पट्टे उमटतात.

मेकअप किती टिकणार हे मुख्यतः तेलावर ठरते. त्वचेतल्या तैलग्रंथींतून जे तेल पाझरते त्याला सीबम म्हणतात. त्यात ट्रायग्लिसराइड्स, मेणासारखे एस्टर आणि स्क्वालीन असते. कपाळ, नाक आणि हनुवटी या भागांत या ग्रंथी दाट असतात आणि त्यांची सूत्रे अँड्रोजन हार्मोनांच्या हाती असतात. म्हणून चेहरा दिवसातून सहा वेळा धुतला तरी ग्रंथी आपले काम कमी करत नाहीत. जास्त धुतल्याने तेल आणखी वाढते असे पार्लरांतून सांगितले जाते, त्यालाही भक्कम पुरावा नाही. जास्त धुण्याने होते काय, तर त्वचा चुरचुरते आणि सोलवटते. तापमानाचा परिणाम मात्र मोजलेला आहे. ब्रिटनमधले त्वचारोगतज्ज्ञ कन्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली दाखवले, की त्वचेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले तर सीबमचा पाझर सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. हा आकडा मे महिन्यातल्या आपल्या लग्नाला लावून पाहा. पहाटे मेकअप, मग गौरीहरापुढे बसणे, मुहूर्ताची गर्दी, होमाचा धूर आणि धग, अंगावर जरीची जड साडी, समोर व्हिडिओवाल्याचा दिवा. कोकणात किंवा मुंबईत असेल तर हवेतला दमट उकाडा वेगळाच, कारण तिथे घाम वाळत नाही. अशा चेहऱ्यावर फाउंडेशन म्हणजे तेलात, सिलिकोनमध्ये किंवा पाण्यात पसरवलेले रंगकण. खालून तेल येऊ लागले की या कणांना धरून ठेवणारा बांध सैल होतो. कण हलतात, नाकपुडीच्या कडेला, रंध्रांत आणि मुरुमाच्या पायथ्याशी गोळा होतात. थर पातळ असेल तर हलायला फारसे काही नसते, टिपून घेतले की चेहरा पुन्हा सावरतो. थर जाड असेल तर तो एकसंध सरकतो आणि मग फुटतो. ‘बेस फुटला’ असे आम्ही म्हणतो, तेव्हा बहुतेकदा हेच झालेले असते.

याच तेलामुळे आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. रंगकण तेलाने भिजले की गडद दिसतात. त्यामुळे लावताना बरोबर जुळलेली छटा तासाभराने काळपट पडते. दुकानात मनगटावर रेघ ओढून पाहिलेली छटा तेलकट चेहऱ्यावर तशी राहील याची काहीच खात्री नसते. ती जबड्याच्या कडेला लावून निदान अर्धा तास थांबावे आणि मग ठरवावे. शंका असेल तर किंचित उजळ छटा घ्यावी. आपल्याकडे हळदीची भर त्यात पडते. आदल्या दिवशी तेलात कालवलेली हळद चेहऱ्याला लागते, तिचा पिवळेपणा सकाळपर्यंत सगळा जात नाही, आणि ट्रायलच्या दिवशी जुळलेला रंग लग्नाच्या दिवशी मानेशी जुळत नाही. मुरुमाच्या त्वचेला तर हळदीबरोबरचे ते तेलही नको असते. गालांना नुसते बोट लावून, हळद हातांना आणि पायांना मनमुराद लावावी, असे सांगितले तर आज्ज्या रागावत नाहीत. कारण समजावून सांगितले की ऐकतात.

मग जाड मेकअपची ही सवय आली कुठून? मला वाटते, ती रंगमंचावरून आणि चित्रपटांच्या स्टुडिओतून आली. बर्लिनमध्ये लुडविग लाइखनर या ऑपेरा गायकाने १८७३ साली चरबीयुक्त रंगकांड्यांचा व्यवसाय सुरू केला, तो नाटकवाल्यांसाठी. शेवटच्या रांगेतल्या माणसाला डोळे-भुवया दिसाव्यात म्हणून चेहरा रंगवायचा होता. हातभर अंतरावरून कोणी तो पाहणार नव्हता. पुढे रंगीत चित्रपट आले तेव्हा ही तेलकट रंगभूषा पडद्यावर चमकू लागली, म्हणून मॅक्स फॅक्टरच्या कंपनीने ओल्या स्पंजने लावायचा पॅनकेक काढला आणि १९३८च्या सुमारास तो सर्वसामान्य बायकांसाठीही बाजारात आला. पॅनकेक हा शब्द मराठी रंगपटात आणि तिथून पार्लरमध्ये असा रुळला की कुठल्याही बेसला कोणी पॅनकेक म्हणते. कांडीच्या रूपातला पॅनस्टिक तर अजूनही नवरीच्या पेटीतला पहिला ऐवज असतो. या वस्तू वाईट नाहीत. पण नट दोन अंकांच्या मध्ये रंगपटात येतो, तिथे त्याचा चेहरा दुरुस्त होतो आणि पडदा पडला की तासाभरात रंग उतरतो. नवरी पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याच चेहऱ्याने वावरते, आणि मावशी, आत्या, मामी तिला जवळ घेऊन हातभरही अंतर न ठेवता पाहतात. ज्या अंतरासाठी आणि ज्या वेळेपुरती ही साधने घडवली, ते अंतर आणि ती वेळ लग्नात नसते.

कमी थरांचे काम म्हणजे नेमके काय, ते एका गालावर दाखवता येईल. समजा गालावर दोन ताजी लाल मुरुमे आहेत, चारपाच जुने तपकिरी डाग आहेत आणि बाकीची त्वचा बरी आहे. सगळा गाल एका रंगाने लिंपायचे कारण काय? आधी हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर बोटाने दाबून लावायचे आणि ते जिरेपर्यंत काहीही करायचे नाही. मॉइश्चरायझर नकोच, आधीच तेल आहे, असे वाटते खरे; पण मुरुमाची औषधे चालू असलेली त्वचा एकाच वेळी तेलकट आणि कोरडी असते. बेंझॉइल पेरॉक्साइड, अ‍ॅडॅपलिन, ट्रेटिनॉइन यांनी वरचा पापुद्रा सुटतो आणि रंग नेमका त्या पापुद्र्याला चिकटून डोळ्यांत भरतो. मग फाउंडेशनचा एकच पातळ हात, चेहऱ्याच्या मधोमध सुरुवात करून कडेला विरवलेला, इतका पातळ की डाग त्यातून दिसत राहावेत. हा टप्पा नवरीला घाबरवणारा असतो, कारण तिला वाटते हेच शेवटचे रूप. यानंतर बारीक टोकाच्या ब्रशने प्रत्येक डागावर, डागाएवढाच कन्सीलर टेकवायचा. तपकिरी डागाखाली पीच किंवा नारिंगी करेक्टरचा अगदी विरळ स्पर्श चालतो. लाल मुरुमावर हिरवा करेक्टर लावायचे जे शिकवले जाते ते गोऱ्यापान कातडीसाठी आहे. गव्हाळ आणि सावळ्या रंगावर हिरवा राखाडी होऊन बसतो, आणि मग तो राखाडीपणा झाकायला आणखी एक थर लागतो. आपल्याकडच्या लालीला थोडा पिवळसर कन्सीलर पुरतो. टेकवल्यावर लगेच पसरवायचे नाही. मिनिटभर थांबून, कण जरा घट्ट झाले की फक्त कडा बोटाच्या टोकाने थोपटायच्या. मध्याला हात लावायचा नाही. ब्रश ओढला की झाकलेला रंग उघडा पडतो आणि मुरुमाचे टोक सोलले जाते, मग त्यावर काहीच बसत नाही. शेवटी पावडर, तीही पफने दाबून, कपाळ-नाक-हनुवटीवर आणि कन्सीलर टेकवलेल्या जागांवर, एवढीच.

यावर माझ्याच व्यवसायातल्या मैत्रिणी म्हणतात, की आता साधने सुधारली आहेत. मॅट प्राइमर आहे, एचडी आहे, एअरब्रश आहे, तेव्हा भरपूर झाकूनही जड न दिसणारा मेकअप करता येतो. यातले काही खरे आहे. सिलिकोनचा प्राइमर उघड्या रंध्रांवर आणि बारीक खड्ड्यांवर सपाटी आणतो, कारण खोलगट जागा भरता येते. फुगवट्यावर मात्र त्याचा काही उपयोग नाही. एअरब्रशने रंग फवारला जातो म्हणून स्पंजचा आणि हाताचा घासा लागत नाही, हा मुरुमाच्या चेहऱ्याला मोठाच फायदा आहे आणि म्हणून मी त्या तंत्राच्या विरोधात नाही. पण फवाऱ्यातूनही पडतो तो रंगच. पाकिटावर लिहिलेले तंत्र कोणतेही असो, त्याने मुरुम बसत नाही. एअरब्रशचे पॅकेज महाग म्हणून त्यात मुरुमे नाहीशी होतील अशी समजूत करून दिली जाते, ती ग्राहकाची फसवणूक आहे, असे मी स्पष्टच म्हणते. मॅटबद्दलही तेच. दहा वाजता पावडर, अकरा वाजता वर पुन्हा पावडर, बारा वाजता पुन्हा, असे करत गेले की तेल आणि पावडर मिळून लगदा होतो. तेल वर आले की आधी टिश्यू किंवा ब्लॉटिंग पेपर दाबून ते उचलायचे, घासायचे नाही, आणि मग गरज असेल तरच पावडर. आणि थोडी चमक राहू द्यावी. दुपारी तीन वाजता माणसाच्या कपाळावर चमक असतेच. ती पाहून कोणी लग्नातून उठून जात नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : मेकअपनेच मुरुमे येतात, मग मुरुमाच्या चेहऱ्यावर तो करायचाच कशाला? याला आधार आहे. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स यांनी १९७२ साली सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांचे वर्णन केले : मोठ्या वयाच्या बायकांच्या गालांवर आणि हनुवटीवर येणारे, बारीक, बंद तोंडाचे, चिवट पुरळ. त्यांनी प्रसाधनांतले घटक सशाच्या कानावर लावून कुठल्या घटकाने रंध्रे बुजतात ते तपासले, आणि त्याच पद्धतीतून पुढे ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हा शब्द बाटल्यांवर आला. पण सशाच्या कानाची त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी हळवी असते. शिवाय एखादा घटक शुद्ध स्वरूपात रंध्रे बुजवतो म्हणून तो थोड्या प्रमाणात असलेले अख्खे फाउंडेशन तसेच करेल असे नाही. ड्रेलोस आणि डिनार्डो यांनी २००६ साली माणसांवर तयार प्रसाधने तपासून हेच दाखवले. दुसरीकडे ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ या शब्दाला अमेरिकेतसुद्धा कायद्याने ठरवून दिलेली एकच एक चाचणी नाही, त्यामुळे शब्द छापला आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही. यादीतला प्रत्येक घटक घाबरून पाहण्यापेक्षा ती वस्तू कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यावर काही आठवडे रोज लावून पाहणे हीच आपल्या हातातली खात्रीची परीक्षा आहे. काही आठवडे म्हणते ते मुद्दाम. रंध्र आतून बुजून त्याचा दिसणारा मुरुम व्हायला कित्येक आठवडे जातात. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी उठलेले मुरुम आदल्या दिवशीच्या फाउंडेशनने रंध्र बुजून आलेले नसते. ते आत आधीपासून तयार होत होते. एका दिवसाच्या मेकअपला या बाबतीत उगीच दोष दिला जातो आणि रोज कामावर जाताना लावलेल्या, रात्री नीट न काढलेल्या क्रीमला मोकळे सोडले जाते.

एका दिवसाचा मेकअप बाधत नाही असे मात्र मी म्हणत नाही. तो बाधतो तो वेगळ्या वाटेने. पहिली वाट घर्षणाची. मुंडावळ्यांची दोरी कपाळावर आणि कानशिलांवर दिवसभर घासते, तिथे घाम असतो, तिच्याखाली जाड बेस असला की तो रगडला जातो. सुजलेल्या मुरुमाला एवढे निमित्त पुरते. म्हणून मुंडावळ्यांच्या रेषेवर मी जवळजवळ काहीच लावत नाही, तसाही तो भाग झाकलेला असतो. नथ टेकते त्या नाकपुडीलाही तेच लागू. दुसरी वाट केसांकडून येते. खोपा चापूनचोपून बसावा म्हणून कपाळाच्या कडेला जेल, तेल आणि स्प्रे यांचा मारा होतो. केसांच्या तेलकट प्रसाधनांनी कपाळावर येणाऱ्या पुरळाचे वर्णन क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० सालीच केले होते, आणि डोक्याला रोज तेल चोपडणाऱ्या आपल्या घरांत ते कपाळ ओळखायला कठीण नाही. स्प्रे मारताना चेहऱ्यापुढे पुठ्ठा धरायला काही खर्च येत नाही. तिसरी वाट स्पंजची, आणि ती आमच्या धंद्याची लाज आहे. नवरीचा मेकअप झाल्यावर त्याच स्पंजने बहिणीचा, वहिनीचा, आईचा मेकअप होतो. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली वापरातली प्रसाधने तपासली, तेव्हा दहांपैकी नऊ वस्तूंत जंतू निघाले आणि ओलसर स्पंजांची स्थिती सर्वांत वाईट होती. त्यांतले बहुतेक कधी धुतलेच गेले नव्हते. इथे एक स्पष्ट करायला हवे : मुरुम संसर्गजन्य नाही. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जंतू साफ त्वचेच्या माणसाच्या रंध्रांतही राहतो, त्यामुळे मुरुमाच्या मुलीचा ब्रश वापरला म्हणून दुसरीला मुरुमे येत नाहीत आणि तिला त्या कारणाने दूर बसवणे क्रूरपणाचे आहे. पण स्टॅफिलोकॉकसचे फोड, ओठांवरची नागीण, गजकर्ण हे पसरतात, आणि सोललेल्या मुरुमातून आत शिरायला त्यांना दारच मिळते. नवरीचा स्पंज नवरीलाच देऊन टाकावा, पॅनस्टिक चेहऱ्यावर थेट न ओढता स्टीलच्या पट्टीवर खरवडून घ्यावी, ब्रश सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू द्यावेत. यासाठी कुठलेही महाग पॅकेज लागत नाही.

खरे नुकसान मात्र मेकअपच्या दिवशी होत नाही, ते त्याआधीच्या महिन्यात होते. लग्न ठरले की चेहऱ्यावर सगळे तुटून पडतात. फेशियल, ब्लीच, स्क्रब, वाफ देऊन काढलेले ब्लॅकहेड्स, शेजारणीने सांगितलेला लेप. सुजलेले मुरुम दाबले, रगडले की आतली जळजळ खोल जाते, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर जळजळीचा मागे राहणारा काळा डाग मुरुमापेक्षा कितीतरी जास्त दिवस, कधी महिनोन्महिने टिकतो. सगळ्यांत भयंकर म्हणजे औषधाच्या दुकानातून ‘चेहरा साफ करणारी’ म्हणून आणलेली स्टेरॉइडची मलमे. आठवडाभरात चेहरा उजळ आणि गुळगुळीत होतो, घरातले खूश होतात. मलम थांबवले की लाली, आग आणि पूर्वीपेक्षा जास्त पुरळ उसळते, त्वचा पातळ होऊन रक्तवाहिन्या दिसू लागतात. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना या चेहऱ्यांसाठी वेगळे नाव द्यावे लागले, इतके ते वाढले, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या अनुसूचीत घातली. तरी ती मिळतात. मेकअप करणारी बाई डॉक्टर नसते, पण चेहरा इतक्या जवळून पाहणारी ती अनेकदा पहिलीच असते, म्हणून काय लावत आहेस हे तिने विचारलेच पाहिजे. जबड्याच्या कडेने दर महिन्याला उठणारी खोल, दुखरी मुरुमे आणि अनियमित पाळी असे एकत्र ऐकू आले तर फाउंडेशनची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा म्हणावे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर चेहऱ्याला वॅक्स लावू नये, कातडी निघते. हे न विचारता वॅक्स करणारे पार्लर गल्लोगल्ली आहेत.

यावर काही डॉक्टर आणि बरेचसे घरातले वडीलधारे म्हणतात, की मग मेकअप नकोच, चेहरा मोकळा ठेवा. रोजच्या दिवसांपुरता हा सल्ला चांगला वाटतो, पण तो सर्वस्वी खरा नाही. जपानमध्ये हायाशी आणि सहकाऱ्यांनी मुरुमांचा उपचार चालू असलेल्या बायकांना मेकअप कसा करायचा ते शिकवून पाहिले; २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार उपचार चालू असताना मुरुमे वाढली नाहीत आणि त्या बायकांचे रोजचे जगणे, लोकांत मिसळणे सुधारले. थोड्या रुग्णांवरचा अभ्यास आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधता येणार नाही. पण अंदाधुंद मेकअप आणि शिकवून केलेला मेकअप यांत फरक असतो, एवढे त्यातून नक्की कळते. शिवाय हा सल्ला देणाऱ्यांना एक गोष्ट दिसत नाही. मुरुमे असलेल्या मुलीला तिच्या चेहऱ्याबद्दल रोज कोणी ना कोणी सांगत असते : पाणी जास्त पी, तळलेले खाऊ नकोस, चेहरा धुत नाहीस का. लग्नाच्या दिवशी तर ओळखीपाळखीचे शेकडो लोक तिच्याकडे पाहायलाच आलेले असतात. त्या एका दिवशी चेहऱ्याचा विषय निघू नये असे तिला वाटले तर त्यात दिखाऊपणा कसला? तिला तो दिवस सुखाचा गेला पाहिजे, आणि त्यासाठीच तिला खोटे आश्वासन देता कामा नये. कारण ज्या मुलीला ‘काही दिसणार नाही’ असे सांगितलेले असते, ती दर दहा मिनिटांनी आरसा मागते. काय दिसेल आणि काय दिसणार नाही हे जिला आधीच माहीत असते, ती समोरच्याशी बोलते, हसते, जेवते.

पैसे मोजणारे गिऱ्हाईक मात्र कमी मेकअप पाहून म्हणते, एवढेच? हा आक्षेप धंद्याचा आहे आणि त्याला धंद्यानेच उत्तर द्यावे लागते. ट्रायलला एक गाल तिच्या मागणीप्रमाणे भरून करावा, दुसरा पातळ करावा, आणि तिला घरी जाऊन स्वयंपाकघरात, गच्चीवर, उन्हातान्हात वावरून चार तासांनी दोन्ही गालांचे फोटो बाजूने उजेड घेऊन काढायला सांगावे. बहुतेक जणी मग पातळ गाल निवडतात. काही जणी भरलेलाच मागतात, तो त्यांचा हक्क आहे. फोटोग्राफरशीही दोन शब्द बोलून ठेवावेत : मुख्य उजेड समोरून, मोठ्या सॉफ्टबॉक्समधून, मुरुमे जास्त असलेल्या गालाच्या बाजूने कडक दिवा नको. चांगले फोटोग्राफर हे ऐकून घेतात, आणि कन्सीलरच्या तीन थरांना न साधलेले काम त्या एका दिव्याच्या जागेने साधते.

उरतो तो मेकअप उतरवण्याचा प्रश्न, आणि आमच्या धंद्याने सगळ्यांत जास्त हयगय इथे केली आहे. पैसे चढवण्याचे घेतले जातात, उतरवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. पाठवणी झालेली मुलगी रात्री उशिरा सासरी पोचते, गृहप्रवेश होतो, खेळ होतात. स्नानघर अनोळखी, सामान बंद बॅगेत. मग ती साबणाने तोंड धुते आणि झोपते, किंवा कोणीतरी खोबरेल तेलाची बाटली पुढे करते. खोबरेल तेलाने वॉटरप्रूफ मेकअप सुटतो हे खरेच आहे, तेलात तेल विरघळते. अडचण ते चेहऱ्यावर तसेच ठेवून झोपण्यात आहे, कारण रंध्रे बुजवण्याच्या चाचण्यांत ते बऱ्याच वरच्या क्रमांकावर येते. लग्नघर सोडून मेकअप करणारीने सासरी जाऊन बसावे, ही अपेक्षा कोणी करणार नाही. पण एक छोटी पिशवी तयार करून देता येते : क्लेन्झिंग बामची डबी, मायसेलर वॉटर, कापसाच्या चकत्या, सौम्य फेसवॉश, हलके मॉइश्चरायझर. डोळ्यांवर चकती अर्धा मिनिट नुसती धरून ठेवायची, मग खाली ओढायची. बाम कोरड्या हाताने कोरड्या चेहऱ्यावर फिरवायचा, पाणी त्यानंतर. शेवटी फेसवॉश, आणि पुसायला टॉवेलऐवजी टिश्यू. हे नवरीला सांगून उपयोग नसतो, त्या दिवशी तिच्या डोक्यात काही राहत नाही. पाठराखीण म्हणून जी बहीण किंवा मैत्रीण तिच्याबरोबर जाणार असेल तिला मेकअप चालू असतानाच शेजारी बसवून घ्यावे, तिच्याच हाताच्या पाठीवर पॅनस्टिकची रेघ ओढून ती काढून दाखवावी, आणि पिशवी तिच्या पर्समध्ये टाकावी.